पूर आला तर बँक कुठून चालवायची?

पुढचा संवाद सांगलीतल्या एका नागरी सहकारी बँकेतला. बँक कल्पित, बोलणारे दोघेही कल्पित. त्यांच्या बोलण्यात येणाऱ्या बाहेरच्या घटना मात्र घडलेल्या. बँकेच्या ठेवी हजार कोटींच्या पुढे आहेत, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत ती तिसऱ्या स्तरात मोडते. मुख्य डेटा सेंटर हेड ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर. डीआर साइट, म्हणजे मुख्य यंत्रणा बसली तर जिथून कारभार चालवायचा ती पर्यायी जागा, कोल्हापूरच्या शाखेत. तिथले सर्व्हर आता जुने झालेत. नव्याने स्वतःचीच डीआर साइट उभारायची की एखाद्या डेटा सेंटर कंपनीकडे भाड्याने घ्यायची, हा विषय संचालक मंडळापुढे आहे.

अण्णा पूर्वी याच बँकेचे ईडीपी, म्हणजे संगणक विभागाचे, मॅनेजर होते, आता तज्ज्ञ संचालक आहेत. मॅडम आयटी विभागाच्या प्रमुख. अशा वादात म्हाताऱ्यांना ‘आपलं ते आपलं’ वाटतं आणि तरुणांना सगळं बाहेर द्यायची घाई असते, असा आपला समज. इथं उलटं आहे. अण्णांनी डीआर साइट स्वतः सांभाळलेली आहे, मॅडमनी अजून नाही.

अण्णा : मॅडम, प्रस्ताव वाचला. सोलापूरच्या शाखेचा वरचा मजला रिकामा आहे, तिथं डीआर करू म्हणता. जागा फुकट मिळते म्हणून का?

मॅडम : जागेसाठी नाही अण्णा, नदीसाठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. त्याच आठवड्यात तिकडे कोल्हापुरात पंचगंगा. दोन्ही शहरं एकदम पाण्यात, शिरोलीपाशी महामार्ग बंद. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. मुख्य आणि पर्यायी, दोन्ही जागा एकाच पुरात सापडणार असतील तर त्या दोन जागा नव्हेतच. सोलापूर इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि खोरं भीमेचं.

अण्णा : बरं, नदी टळली. उन्हाचं काय? मे महिन्यात सोलापूरला पारा ४४-४५ ला टेकतो. वरचा मजला, म्हणजे डोक्यावर तापलेली स्लॅब. एसी ट्रिप झाला तर बघायला कोण? शाखाधिकारी. त्यानं वसुली बघायची का एसी? मी कोल्हापूरचं डीआर सांभाळलंय. यूपीएसच्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांत उतरतात आणि त्या उतरल्यात हे कळतं लाइट गेल्यावर. डिझेल जनरेटर अधूनमधून लोड देऊन चालवायचा असतो. शाखेत शिपाई तो नुसता सुरू करतो, आवाज आला की वहीत सही. उंदरांचं तर बोलूच नका.

मॅडम : हे सगळं मुख्य सेंटरलाही आहेच की.

अण्णा : आहे, पण इथं बिघडलं की पाच मिनिटांत चाळीस शाखांचे फोन येतात. डीआरमध्ये बिघडलं तर फोन येत नाही, कारण तिथं रोज काही चालतच नाही. जी गोष्ट कुणी वापरत नाही ती सांभाळणं सगळ्यात अवघड. डेटा सेंटर कंपनीचा धंदाच तो. तीन पाळ्यांत माणसं, वीज दोन बाजूंनी, डिझेलचा साठा, आग लागली तर गॅस सोडणारी यंत्रणा. आपण तिथं चार रॅक घ्यायचे आणि केव्हीएप्रमाणे पैसे भरायचे.

मॅडम : आणि रात्री दोनला एखाद्या सर्व्हरचं बटण दाबायचं असेल तर ‘रिमोट हँड्स’ म्हणून तासाचं बिल वेगळं. दोन केबल जोडायच्या तर क्रॉस-कनेक्टचं भाडं वेगळं. कोटेशनच्या पहिल्या पानावर यातलं काही नसतं.

पैशाच्या हिशोबात दोघांनी बराच वेळ घातला. तो इथं सगळा देत नाही. भाड्याची जागा पहिल्या वर्षी स्वस्त दिसते, पाचव्या वर्षी तशी दिसेलच असं नाही. आणि दोन्ही बाजूंच्या हिशोबात सारखाच बसणारा एक मोठा आकडा असतो, तो लोक विसरतात: सॉफ्टवेअरचा परवाना. ऑरॅकलचा डेटाबेस असेल आणि डेटा गार्डने पर्यायी जागी त्याची जिवंत नक्कल ठेवायची असेल, तर त्या दुसऱ्या सर्व्हरचाही पूर्ण परवाना घ्यावा लागतो. सर्व्हर स्वतःच्या खोलीत असो की दुसऱ्याच्या, त्यात फरक पडत नाही. तेव्हा खर्चावर हा वाद सुटेल असं मला वाटत नाही. सुटला तर जबाबदारीवर सुटेल, आणि दोघेही थोड्याच वेळात तिथं आले.

मॅडम : अण्णा, ३१ जुलै २०२४ आठवतो? सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं खबरदारी म्हणून त्यांना आपल्या जाळ्यातून तोडलं आणि देशातल्या जवळपास तीनशे लहान बँकांचं यूपीआय, एटीएम अडकलं. त्या बँकांनी स्वतः काही चूक केलेली नव्हती. त्यांचा सगळा कारभार एकाच दारातून जात होता, एवढंच.

अण्णा : ते कोअर बँकिंगच बाहेर दिलेल्या बँकांचं झालं. आपण फक्त पर्यायी जागा देतोय. दोन गोष्टी एकत्र करू नका.

मॅडम : वेगळ्याच आहेत, मान्य. पण सवय तीच. एकदा बाहेर दिलं की आपण बघणं सोडतो. तुम्हीच म्हणता ना, वापरत नाही ते सांभाळलं जात नाही? मग जे वापरतही नाही आणि जिथं आपला माणूसही नाही, त्याचं काय होईल?

अण्णा : मला कोरियाचं सांगू द्या. डेजॉनला सरकारचं स्वतःचं डेटा सेंटर होतं. २६ सप्टेंबर २०२५ ला बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली आणि सरकारच्या ७०९ यंत्रणा बंद पडल्या. त्यात कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायची जी-ड्राइव्ह होती, ८५८ टेराबाइटची. ती जळून गेली आणि दुसरीकडे तिची प्रतच नव्हती! स्वतःचं सेंटर, स्वतःची माणसं, आणि तंत्रज्ञानात पुढारलेला देश.

मॅडम : त्याच देशातलं दुसरंही सांगा. १५ ऑक्टोबर २०२२, पांग्यो. काकाओ ही त्यांची केवढी मोठी कंपनी; निरोप, पैसे, टॅक्सी, सगळं तिच्यावर. तिचे सर्व्हर दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये भाड्यानं होते. तिथं आग लागली, वीज तोडावी लागली, सगळं पूर्ववत व्हायला पाच दिवसांवर गेले. राजीनामा मात्र काकाओच्या सहमुख्याधिकाऱ्यानं दिला. लोकांनी घरमालकाला विचारलं नाही, भाडेकरूला विचारलं.

दोघांचीही उदाहरणं खरी आहेत आणि दोन्ही आगी लिथियम बॅटऱ्यांच्या. एक मालकीच्या छपराखाली, एक भाड्याच्या. मला तरी यातून छपराविषयी काहीच कळत नाही. जे गेलं ते एकाच ठिकाणी होतं म्हणून गेलं. जे उशिरा उठलं ते दुसरीकडून उठवायची तयारी अपुरी होती म्हणून. फ्रान्समध्ये १० मार्च २०२१ ला ओव्हीएच कंपनीचं स्ट्रासबुर्गचं सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांनी बॅकअपचे पैसे वेगळे भरलेले होते आणि बॅकअपही त्याच आवारात ठेवलेला निघाला. त्यावर कोर्टकज्जे झाले. करारात ‘बॅकअप’ लिहिलेलं असतं, पण तो कुठल्या इमारतीत ठेवणार हे वाचायला सहसा कुणी जात नाही.

मॅडमचा पुढचा मुद्दा मला जास्त वजनदार वाटला, कारण तो या बँकेच्या गावाचा होता.

मॅडम : तुम्ही ज्या कंपनीचं कोटेशन आणलंय तिचे आणखी ग्राहक कोण आहेत?

अण्णा : नागरी बँकाच आहेत बऱ्याचशा. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी. म्हणून तर दर कमी बसतो.

मॅडम : म्हणजे पूर आला की सगळ्यांना एकाच सकाळी डीआर लागणार. आणि कोटेशनमध्ये ‘शेअर्ड कॉम्प्युट’ लिहिलंय. ती मशिनं आपल्यासाठी राखून ठेवलेली नाहीत. जो आधी मागेल त्याला आधी. हा धंदा अमेरिकेत उभा राहिला तोच या हिशोबावर, की शंभर गिऱ्हाइकांवर एकदम संकट येत नाही. तिकडे ते एकवेळ चालेल. आमचं संकट तर नदीकाठानं येतं, गिऱ्हाइकांची यादी हातात धरूनच.

अण्णा : (थांबून) हे मी बघितलं नव्हतं. डेडिकेटेड मागू.

मॅडम : मग दर वाढेल.

अण्णा : वाढू दे. तरी सोलापूरपेक्षा बरं.

मॅडम : आणि कंपनीच बुडाली तर? हा धंदा ज्यांनी मोठा केला त्यांतलं पहिलं नाव सनगार्ड. २००१ मध्ये त्यांनी कॉमडिस्कोचा हाच व्यवसाय ८२ कोटी डॉलरच्या वर मोजून घेतला. पुढे तो क्लाउडनं खाल्ला. २०१९ ला एकदा दिवाळखोरीत गेले, २०२२ ला पुन्हा. ब्रिटनमधली शाखा विजेच्या बिलांनी मेली. दुसऱ्यांच्या संकटाची सोय करणारी कंपनी स्वतःच्या संकटातून निघाली नाही.

अण्णा : त्यासाठीच रिझर्व्ह बँकेचं आयटी आउटसोर्सिंगचं परिपत्रक आहे. एप्रिल २०२३ चं, ऑक्टोबरपासून लागू. आपल्या स्तराच्या बँकेला ते बंधनकारक आहे. कराराबाहेर पडायचं कसं, तपासणीला आत जायचा हक्क, डेटा परत कसा मिळणार, सगळं आधी लिहून घ्यायचं.

मॅडम : त्याच परिपत्रकात हेही आहे की काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच.

अण्णा : स्वतः चालवलं तरी ती बँकेचीच असते मॅडम. त्यात माझं नुकसान काय?

इथं अण्णांनी बाजी मारली असं मी म्हणेन. ‘जबाबदारी शेवटी आपलीच’ हे वाक्य मालकीच्या बाजूचं समजून वापरलं जातं, पण ते दोन्हीकडे सारखंच लागू आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेच्या स्वतःच्या मुख्य डेटा सेंटरची वीज गेली आणि सेवा कोलमडल्या. पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेनं तिला नवी क्रेडिट कार्डं देणं आणि नव्या डिजिटल योजना थांबवायला लावलं. देशातली सर्वांत मोठी खासगी बँक. पैशाची चणचण नाही, माणसांची नाही. वीज कुणाच्या खोलीतली गेली, याला शिक्षा ठरताना महत्त्व नव्हतं.

मॅडम : मग मला एक सांगा. पाणी चढतंय. मुख्य सेंटर अजून चालू आहे, पण तळमजल्यावरच्या पॅनलजवळ पाणी आलंय. डीआरवर जायचं, हे कोण ठरवणार?

अण्णा : पॉलिसीत लिहिलंय. संचालक मंडळाच्या मान्यतेनं.

मॅडम : म्हणजे पुरात मंडळाची मीटिंग बोलवायची? कोरम कुठून आणायचा?

इथपासून संवादाचा रंग बदलला. मला स्वतःला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं थांबतो. मोठ्या यंत्रणांचा इतिहास चाळला तर डीआर साइट नव्हती म्हणून घोटाळा झाला असं क्वचित दिसतं. साइट होती, पण तिकडे जायचं कुणी आणि कधी म्हणायचं, तिथं गाडं अडलं. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचं, म्हणजे एनएसईचं, कामकाज सकाळी ११:४० ला थांबलं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या टेलिकॉम लाइन अडखळल्या होत्या आणि त्यातून पुढे स्टोरेजची यंत्रणा रुसली. एनएसईची डीआर साइट चेन्नईला होती. स्वतःची, सुसज्ज. तिकडे कुणी गेलं नाही. मुख्य जागाच लवकर सुरू होईल अशी आशा होती. बाजार पुन्हा उघडला तो दुपारी पावणेचारला, आणि पाचपर्यंत वेळ वाढवून द्यावी लागली. पुढच्याच महिन्यात सेबीनं नियम घातला: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर तीस मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करायची, आणि जाहीर केल्यापासून पंचेचाळीस मिनिटांत पर्यायी जागेवरून काम सुरू. म्हणजे आशेवर बसायला अर्धा तास. मला हा नियम फार आवडतो, कारण तो यंत्रापेक्षा माणसाचा स्वभाव ओळखून केलेला आहे.

अण्णा : आशा लागते खरी. आणि एकदा डीआरवर गेलं की परत येणं त्याहून कठीण. तिकडे झालेले व्यवहार इकडे आणायचे, जुळवायचे, दिवसअखेर बसवायची. म्हणून कुणी जातच नाही. आम्हीही नव्हतो जात.

मॅडम : ड्रिल करायचात ना?

अण्णा : करायचो. रविवारी. सर्व्हर सुरू करायचे, लॉगिन करून बघायचं, एक एंट्री मारायची, फोटो काढून अहवाल पाठवायचा. त्याला ड्रिल म्हणायचं असेल तर म्हणा.

मॅडम : म्हणून तर मला ते आपल्या हातात हवंय. डेटा सेंटर कंपनीचे लोक सर्व्हर चालू करून देतील. पण आधी डेटाबेस, मग अॅप्लिकेशन, मग एटीएम स्विच, मग यूपीआय, आणि मधे कुठली सेवा हातानं उठवायची, हा क्रम त्यांना माहीत नाही. तो आमच्या विभागात दोघांना माहीत आहे. त्यातला एक पुण्याला नोकरी शोधतोय.

अण्णा : मग सोलापूरला साइट केली तरी तो पुण्याला जाणारच की.

याला मॅडमकडे उत्तर नव्हतं. माणसं हा या विषयातला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रात कॅन्टर फिट्झजेराल्ड या दलाली पेढीची ६५८ माणसं गेली. पेढीची दुसरी यंत्रणा न्यू जर्सीत स्वतःच्या जागेत उभी होती, लंडनचं ऑफिस शाबूत होतं, त्यामुळे दोन दिवसांनी रोखेबाजार उघडला तेव्हा त्यांना पुन्हा उभं राहता आलं. पण मधल्या काळात एक विचित्र अडचण आली. अनेक पासवर्ड गेलेल्या माणसांबरोबर गेले होते. वाचलेल्यांनी मृतांच्या घरी फोन करून लग्नाच्या तारखा, लाडकी नावं विचारली, कारण त्यावरून अंदाज बांधायचे होते. दुसरी जागा होती, यंत्रं होती, त्यांत डेटाही होता. आत शिरायची किल्ली नव्हती.

अण्णा : पासवर्डचं पाकीट आपल्याकडे आहे. चेअरमनांच्या तिजोरीत.

मॅडम : तिजोरी कुठाय?

अण्णा : हेड ऑफिसला. तळमजल्यावर. (हसतात.) बरं, ते आधी हलवू.

मॅडम : आणि रॅन्समवेअरचं? पुराला तुमची भाड्याची जागा चालेल, मी मान्य करते. पण व्हायरसनं इकडची फाइल लॉक केली की तिकडे नक्कल ठेवणारं रेप्लिकेशन तीच लॉक झालेली फाइल काही सेकंदांत तिकडे पोचवणार. डीआर जेवढं तत्पर, तेवढी घाण लवकर पोचते.

अण्णा : त्यासाठी टेप. रोज रात्री. वायर काढून ठेवलेली प्रत.

मॅडम : ती कुणाकडे?

अण्णा : आपल्याकडे. ती कुणालाच द्यायची नाही.

मॅडम : मग आपलं निम्मं जमलं.

अण्णा : तुमचं सोलापूर पडलं, एवढं लिहा म्हणजे झालं.

मॅडम : लिहिते. रॅक भाड्यानं, राखीव, शेअर्ड नाही. दक्षिणेतल्या शहरात, म्हणजे कृष्णाकाठही नको आणि मुंबईही नको. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हा लोकल थांबल्या होत्या. तपासणीला मी कधीही आत जाणार, कळवून किंवा न कळवता. सर्व्हर आपले, डेटाबेसचा पासवर्ड आपला, चालू करायचा क्रम आपल्या लोकांनी लिहायचा आणि तो पाठ नसलेल्या माणसाकडून करून घ्यायचा.

अण्णा : पाठ नसलेल्या?

मॅडम : हो. जो कागद वाचून जमत नाही, तो कागद चुकीचा लिहिलाय.

अण्णा : आणि जाहीर कोण करणार?

मॅडम : मी. मी नसेन तर माझ्या खालचा. मंडळाला नंतर कळवायचं.

अण्णा : मंडळ हे सहजी मान्य करणार नाही. अधिकार सोडायला कुणालाच आवडत नाही, मलासुद्धा. पण ठराव मी मांडतो. ‘मान्यतेनं’ काढून ‘माहितीसाठी’ घालू. ड्रिल कधी करताय?

मॅडम : दुसऱ्या शनिवारी. बँक बंद असते.

अण्णा : बंद बँक चालवून काय सिद्ध करणार? एनएसईनं २ मार्च २०२४ ला शनिवारी मुद्दाम बाजार उघडला होता. पहिलं सत्र मुख्य जागेवरून, दुसरं डीआरवरून, खरेखुरे सौदे. आपण कामाच्या दिवशी करू. सकाळी अकराला.

मॅडम : पगार-पेन्शनचा आठवडा सोडून.

अण्णा : तोच आठवडा.

मॅडम : अण्णा, काउंटरवरची माणसं मला फाडून खातील.

अण्णा : पुरात ती पेन्शन मागायला येणार नाहीत असं वाटतं का तुम्हाला? तीन तारीख धरा. आणि काउंटरला मी बसतो त्या दिवशी, तक्रारी ऐकायला.

मॅडम : पूर्ण दिवस?

अण्णा : संध्याकाळी परत मुख्य सेंटरवर येऊन दिवसअखेर बसेपर्यंत. रात्रीचं जेवण बँकेच्या खर्चानं, तेवढं प्रस्तावात घाला.